टिंब दिसायलंय का?

दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय आयुष्यात एकही वस्तू न घेतलेला माणूस परभणीत एकच झाला, आणि तो नेमका माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला भिंत लावून बसावा, हे माझं नशीब. आमचे टायपिंगवाले सर. चहा प्यायचा तर समोरच्या दोन हॉटेलांतून अर्धा-अर्धा कप मागवायचे, एकाच बाकावर ठेवायचे, एक घोट इकडचा, एक घोट तिकडचा, आणि निकाल लागेपर्यंत दोन्ही गार. पाथरीला लग्नाला गेले तर जाताना एसटी आणि येताना जीप. मग आठवडाभर माझ्या काउंटरवर कोपर टेकून, कोणत्या गाडीत कोणता मणका आधी दुखला याचं विवेचन. गिऱ्हाईक खोळंबलंय, मशीन तापलंय, याचं सरांना काही नाही. साखरेचा आजार निघाला तेव्हा दोन गल्ल्यांतल्या दोन डॉक्टरांकडे जाऊन आले आणि दोन्ही चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "ह्याचं अक्षर चांगलं हाय, पण त्याचा हात हलका हाय." औषध मात्र दोघांचंही घेतलं नाही. निकाल लागायचा होता ना! वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, एकदा वैतागून म्हणाल्या, "मलाच तेवढं एकटीला बघून पसंत केलं, भाऊ. दुसरी बघायची राहिली, ती चुटपुट अजून गेली न्हाई ह्यांची." सर गंभीरपणे म्हणाले, "दुसऱ्या गावाची बस चुकली होती."

सरांची इन्स्टिट्यूट म्हणजे पत्र्याखाली सहा मराठी टाइपरायटर आणि त्यांच्यावर तुटून पडलेल्या पोरी. त्या खडखडाटातून सरांचं एकच वाक्य दर दोन मिनिटांनी माझ्या भिंतीतून आरपार यायचं : "टिंब हळू!" टाइपरायटरवर बाकीची अक्षरं कशीही बडवली तरी चालतात, पण अनुस्वाराचं टिंब जोरात मारलं की कागदाला भोक पडतं. सर प्रत्येकीचा कागद उजेडाकडे धरून भोकं मोजायचे. "ही काय पुरणाची चाळण हाय का गं? भोक पाडणारा माणूस कोणत्याच कचेरीत ठेवून घेत न्हाईत." पोरी पदरात तोंड लपवून हसायच्या आणि पुढच्या ओळीला पुन्हा भोक पाडायच्या.

आता बी.ए. झालेला, इंग्रजी-मराठी दोन्ही लखलखीत असलेला हा माणूस पत्र्याखाली टिंबं का मोजत बसला, ते सांगायला हवं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं. जे नाव घेऊन सरांच्या घरात दिवस उजाडायचा, तेच नाव द्यायचं ठरलं, आणि मराठवाडा पेटला. सर तेव्हा गंगाखेडकडच्या एका खेड्यात शाळेवर नवीनच लागले होते. त्यांचं घर जाळलं. म्हाताऱ्या आईला घेऊन ते दोन दिवस पावसात ज्वारीच्या रानात बसून राहिले. म्हातारीला ताप भरला, त्यातून ती उठली नाही. घरात पत्र्याची पेटी होती, पेटीत पदवीचा कागद होता, तोही गेला. शाळेनं म्हटलं, दुय्यम प्रत आणून द्या, नोकरी पक्की करतो. सर म्हणाले, "आणीन तर नव्या नावाचीच आणीन, आन् माझ्या डोळ्यांनी वाचून मगच देईन." शाळा किती दिवस वाट बघणार? नोकरी गेली. वहिनींनी त्या एका वाक्यापायी पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या कपड्यांना काजं-बटणं केली. मीही कितीदा डोकं फोडलं असेल, "अहो सर, कागद तो कागद, कोणत्याही नावाचा आणा!" ते नुसतं हसायचे.

मी बोलायला मोठा शहाणा. त्या साली मी कॉलेजात होतो आणि, लपवून काय करू, विरोधाच्या मोर्चात घसा फोडत चाललो होतो. कुणाचं घर जाळलं नाही, एवढंच. शेजाराला दोन वर्षं झाल्यावर मला राहवेना, मी सरांना सांगून टाकलं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "तुमच्याकडच्या घोषणा काय काय होत्या, सांगा की. आमच्याकडच्या मला पाठ हायेत. शेजारी ठेवून बघू." मी मशीनकडे वळून गिऱ्हाईकाचा कागद काचेवर ठेवला. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्र्याण्णव साली गावात कॉम्प्युटर आला आणि टायपिंगच्या क्लासांतल्या पोरी कमी व्हायला लागल्या. सरांनीही हैदराबादकडचा एक जुना कॉम्प्युटर पैदा केला, पण पडद्यावर अक्षरं उमटवणारं कार्डच त्याच्यात नव्हतं. नांदेडच्या एका व्यापाऱ्यानं दोन जुनी कार्डं पारखायला दिली, एक मोनो आणि एक कलर, सोबत दोघांचे दोन मॉनिटर. मुदत पंधरा दिवस. आपण कुणाच्या हातात काय देतोय याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती! मोनोवर अक्षर एकाच पिवळसर रंगाचं, पण रेखीव. कलरवर रंगांची जत्रा, पण अक्षरं भरडलेली, वेलांटी कुठं संपली ते कळू नये अशी. मोनो निम्म्या किमतीत मिळत होतं. पण रंग बघून पोरी क्लासला जास्त येतील, असं वहिनींचं म्हणणं. सर रोज बोटांनी स्क्रू चाचपून एक कार्ड काढायचे, दुसरं बसवायचे. एका पोरीला घड्याळ धरायला बसवायचे, दुसरीला वही घेऊन, आणि अर्जाचं एक पान कोणत्या कार्डावर किती सेकंदांत उमटतं त्याची नोंद व्हायची. मोनो दर वेळी पुढे. तरी निकाल नाही.

कारण खरी परीक्षा वेगळीच होती. सर पडद्यावर विद्यापीठाचं नवं नाव टाइप करायचे, अजून न मिळालेलं. त्या नावात एका अक्षराच्या डोक्यावर टिंब आहे, आणि कलर कार्ड ते टिंब शिरोरेघेत गिळतं, असा त्यांना संशय. "टिंब गेलं तर ते नाव त्यांचं ऱ्हात न्हाई, भाऊ," असं मला बजावून ते रस्त्यावरच्या माणसांना आत ओढायचे. "जरा बघा, टिंब दिसायलंय का?" दूधवाला झाला, पोस्टमन झाला. पोस्टमननं दोन्ही कार्डांना हो म्हटलं म्हणून त्याचं मत बाद! माझ्याकडे सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेल्या ताडकळसच्या एका म्हाताऱ्यालाही सोडलं नाही.

"मला वाचता येत न्हाई, मास्तर."

"वाचू नका. नुसतं बघा."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून बघितलं. "वर माशी बसलीय."

"लिही गं!" सर आनंदानं ओरडले. "मोनो, एक मत."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. माणसं अशी हसतात आणि बघायचं ते बघत नाहीत.

मुदतीचे दोन दिवस उरले असताना दुपारी मी चहा घेऊन गेलो. पोरी जेवायला गेल्या होत्या. सर एकटेच, नाक पडद्याला टेकेल इतके जवळ. माझ्या चपलांचा आवाज ओळखून म्हणाले, "मोनोच खरं, भाऊ. टिंब कसं ठसठशीत दिसायलंय."

मी बघितलं. मॉनिटरचं बटण बंद होतं. पडदा काळाकुट्ट.

"सर," मी म्हटलं, "पडदा बंद आहे."

त्यांनी हात लांबवून मॉनिटरचं बटण चाचपलं. मग खुर्ची मागे सारून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "माझी स्वतःचीबी दोन कार्डं हायेत. कधीची पारखायलोय. उजव्यावर टिंब दिसत न्हाई, डाव्यावर ओळच दिसत न्हाई. दोन्ही जुनी, दोन्ही साखरंनं खाल्ली. तुमच्या वहिनीला सांगू नका."

मला असा संताप आला! "दोन दोन डॉक्टर बघितले आणि एकाचंही ऐकलं नाहीत!" मी किंचाळलोच. हातातला चहा सांडला. पंधरा वर्षं ह्या माणसानं एकच मागितलं होतं, ते नाव आपल्या डोळ्यांनी वाचायचं, आणि नाव यायच्या आधी डोळेच निघाले होते. सर म्हणाले, "ओरडू नका. कप कोणत्या हॉटेलचा हाय?"

दोन्ही कार्डं नांदेडला परत गेली. व्यापाऱ्यानं विचारलं, कोणतं चांगलं निघालं? सर म्हणाले, "दोन्ही चांगली हायेत. बघणारा चांगला मिळाला न्हाई."

संक्रांतीच्या दिवशी रेडिओवर बातमी आली. मी तीळगूळ घेऊन पळत गेलो. सरांनी वडी हातात घेतली, तोंडात टाकली नाही. "मागितलं नामांतर, दिला नामविस्तार," ते म्हणाले. "जुनं तसंच ठेवून म्होरं नवं लावलं. हे दोन्ही शेजारी ठेवून बघायला पायजेत." मग हात चाचपडत टाइपरायटरपर्यंत गेले. "पण ते मागून. आदी पदवीचा अर्ज." कार्बन घालून कागद चढवला आणि पाठ असलेला मजकूर सुरू झाला, एकही चूक नाही. त्या नावाशी आले, थांबले, आणि टिंबावर असं बोट हाणलं की यंत्र जागेवर हललं. बाकीच्या पाच टाइपरायटरांवरच्या पोरींचे हात थांबले. ज्या माणसानं जन्मभर आमची डोकी खाल्ली, त्यानं कागदाला भोक पाडलं होतं. सरांनी कागद ओढून काढला, उलटा केला आणि अंगठा फिरवला. "हाय," म्हणाले. मग वहिनींना हाक मारून त्यांचाही अंगठा तिथे ठेवला.

पदवी पावसाळ्यात आली. सरांचे तेव्हा तीन-चार महिनेच उरले होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ते खाटेवर होते, पाय सुजलेले, दोन्ही डोळे पुरते गेलेले. वहिनींनी मला हाक मारली. सरांनी कागद छातीवर घेऊन त्यावर बोटं फिरवली, वरून खाली, मग उलटा करून पुन्हा. छापील कागद तो, काचेसारखा गुळगुळीत. त्यात बोटाला लागणार काय?

"भाऊ," ते म्हणाले, "टिंब दिसायलंय का?"

मी कागद उजेडाकडे नेला. नाव होतं. त्यावर टिंब होतं, काळंभोर, अगदी जागेवर. मी सांगायला तोंड उघडलं. एकदा ह्याच घशानं काय काय ओरडलो होतो, तेही त्याच वेळी आठवावं!

"आहे, सर."

वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "एकाचं ऐकून ह्यांचं समाधान व्हायचं न्हाई. पोस्टमन दारातच हाय, बोलवू का?"

"कशाला?" सर म्हणाले. "ह्यांनी बघितलं ना."

आणि त्यांनी कागद उशाखाली ठेवला. दुसरं मत न मागता सरांनी आयुष्यात घेतलेली ती एकच वस्तू.