खुणेच्या खांबावरचं गवत

भीमाबाईला अक्षरओळख नव्हती, पण खड्डा नुसता बघून ती किती ब्रास माती निघाली ते सांगायची. आमच्या ओव्हरसियरचा आकडा तिच्याच आकड्याजवळ यायचा, आणि त्याचा त्याला फार राग यायचा. बाईमाणसाला माप कळतं हे त्याच्या पचनी पडत नव्हतं.

बहात्तर साल. पाथर्डीकडे पाझर तलावाचं दुष्काळी काम. मी, कानिफनाथ, रोजंदारीवर टेप धरायला होतो. खोदताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते कळतं आणि खोली मोजता येते. खांबाच्या माथ्यावरचं वाळकं गवत शाबूत हवं. गवत नसेल तर वर माती चढवून खोली फुगवली, असं धरत. अशी टोळी कामावरून कमी व्हायची. आणि त्या साली काम गेलं म्हणजे चूल गेली.

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी भीमाबाईनं आपल्या टोळीच्या खड्ड्यातून मला हाक मारली. "कानिफ, जरा टेप लाव रं बाबा. माजा अंदाज खरा हाय का बघू." टेप लावला. बरोबर चार फूट. माथ्यावर गवत होतं. ओव्हरसियरला न विचारता टेप काढायला सक्त मनाई होती, सापडलं तर काम जायचं, पण भीमामावशीसाठी काढला.

सकाळी बघतो तर तिच्या टोळीतल्या चांगुणानं खांबाचा माथा शेणामातीनं सारवून सात खडे मांडलेले, शेंदूर लावलेला. तळ्याला पाणी यावं म्हणून पाण्याच्या देवता, साती आसरा, बसवल्या होत्या पोरीनं. भीमाबाई कपाळाला हात लावून उभी राहिली.

"गवत कुठंय?" ओव्हरसियर ओरडला. "सारवण खरवडा!"

भीमाबाईनं कुदळ उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. आसरांवर कुदळ कोण घालणार? ती माझ्याकडे वळली. "सायेब, माती चढवली न्हाई. कानिफानं काल गवत बघितलंय. इचारा त्याला."

ओव्हरसियरनं विचारलं, "काय रे, पाहिलंस?"

"नाही साहेब," मी म्हणालो.

टोळीतल्या सहाही बायकांची नावं त्यानं तिथल्या तिथे हजेरीपटावरून काढली. भीमाबाईनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "चार फूटच हाय, कानिफ," आणि टोपलं उचलून चालू लागली. पुढे ती कुठे गेली ते मला कळलं नाही. खरं म्हणजे मी विचारलंच नाही.

सोमवारी त्या खड्ड्यावर दुसरी टोळी आली. खांब पाडायला कुणी पुढे होईना, म्हणून ओव्हरसियरनं मलाच सांगितलं. मी सातही खडे उचलून बाजूला ठेवले. आसरांची मला भीती वाटली नाही. ती सगळी ओव्हरसियरसाठी वापरून झाली होती. पहिल्याच घावाला सारवणाचा पोपडा निघाला. खाली गवत होतं, पिवळं, दबलेलं, जसंच्या तसं.

ओव्हरसियर दहा पावलांवर उभा होता. मी ते गवत मातीसकट टोपल्यात भरलं आणि भरावावर टाकलं.