टायरचा खांदा

आता काय सांगू तुम्हाला, शहाण्या माणसाला पडायला खड्डा लागत नाही. गावातला साधा, सपाट सिमेंटचा रस्ता पुरतो. मी पडलो तो असाच. पोळ्याच्या दिवशी, सासुरवाडीत, झाडून साऱ्या गावाच्या आणि वीस-पंचवीस बैलजोड्यांच्या देखत. आणि गाडीला टायर कुठले होते? तर ओल्या रस्त्यावर घसरू नये म्हणून पंधरा दिवस अभ्यास करून निवडलेले! हसा, हसा. चहा सांडणार नाही एवढं फक्त बघा.

पहिल्यापासून सांगतो. मी अमरावतीला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. घर्षण हा माझा हातखंडा धडा. कोणती वस्तू का घसरते, कधी घसरते, किती घसरते, हे मी अठरा वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. फळ्यावर माझं कधी काही घसरलं नाही.

रस्त्यावर मात्र मागच्या पावसाळ्यात घसरलं. राजकमल चौकाच्या अलीकडे, रिमझिम चालू, मागे आमची सुनंदा बसलेली. समोरचा ऑटो थांबला, मी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायची सोडून आडवी झाली. मी गाडीखाली, सुनंदा थेट भाजीच्या हातगाडीवर, मेथीच्या ढिगात. लागलं कोणालाच नाही. पण भाजीवाल्याने तिला हात देऊन उठवलं आणि विचारलं, ताई, किती जुड्या देऊ? ते तिच्या मनाला लागलं.

उठल्यावर तिने माझ्याकडे बघितलंच नाही. आधी मागच्या टायरवरून हात फिरवला. मग माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"टायरचा गोटा झाला," ती म्हणाली, "अन् मालकाचाबी. मी नाई बसत बाप्पा आता तुमच्या मागं."

आणि खरंच नाही बसली. वर्षभर! कुठे लग्नाला जायचं तर ती ऑटोत आणि मी ऑटोच्या मागे गाडीवर. सिग्नलला ऑटो थांबला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून ओळखीचं हसायचो. शेजारच्या काकूंनी तर मला जिन्यात गाठून विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? आता त्यांना काय सांगू, की संसार ठणठणीत आहे, टायर गेलेत? पण खोटं कशाला बोलू, ती मागची रिकामी सीट मला बोचायची. पंधरा वर्षं गाडी चालवताना खांद्यावर एक हात असायचा. तो नव्हता.

म्हणून यंदा टायर बदलायचं ठरवलं. सामान्य माणूस काय करतो? दुकानात जातो, टायर टाकतो, घरी येऊन जेवतो. पण मी सामान्य कुठला? पंधरा दिवस मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. नाल्या किती खोल हव्यात, त्यांतून पाणी बाहेर कसं फेकलं जातं, मऊ रबर ओला रस्ता कसा धरून ठेवतं, बाजूवर छापलेल्या चार आकड्यांवरून टायरचा जन्म कधीचा ते कसं ओळखायचं. सुनंदा म्हणाली, एवढी चौकशी तुम्ही मला पाहायला आलात तेव्हाही केली नव्हती.

मग बडनेरा रोडवरच्या राजूभाऊ टायरवाल्यांना तासभर छळलं. सहा टायर काढायला लावले, प्रत्येकाच्या नालीत नख घालून बघितलं. शेवटी त्यांनी हात पुसले.

"सर, तुमी टायर घेऊन राह्यले का पोरगी देऊन राह्यले?"

निवडले मात्र झकास. खोल नाल्या, मऊ रबर, ताजा माल. बसवताना टायरवरच्या बाणाची दिशाही मी दोनदा तपासली. निघताना राजूभाऊंनी दोन गोष्टी बजावल्या. नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो, पहिले शंभर किलोमीटर दमानं घ्या. आणि चमकवायच्या नादात टायरला तेल-पॉलिश काही लावू नका. मी म्हटलं, राजूभाऊ, मी फिजिक्स शिकवतो. ते म्हणाले, म्हणूनच सांगून राह्यलो.

घरी येऊन सुनंदाला टायर दाखवले, नाल्या दाखवल्या, आकडे वाचून दाखवले. तिने एका जांभईत सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली. पोळ्याला माहेरी जायचंच होतं, बार्शीटाकळीच्या पलीकडच्या खेड्यात. ती एसटीने जाणार, मी गाडीवर. मी न पडता, कोरड्या अब्रूने पोचलो तर ती गाडीवर बसेल. नाहीतर गाडी विकायची. नुसतं बसायचं नाही असं नाही हो, विकायची!

झालं, निघालो. मूर्तिजापूरपासून जो पाऊस लागला तो अकोल्यापर्यंत. आणि गाडी? रस्त्याला चिकटून! ब्रेक मारला की जागच्या जागी उभी. घसरावं की काय असा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही. संध्याकाळी सासऱ्यांच्या अंगणात शिरलो तेव्हा सुनंदा ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. तिने गाडी पाहिली, माझे गुडघे पाहिले, पँटला चिखल नाही हे पाहिलं आणि मान हलवली. मला भारतरत्न मिळाल्याचा आनंद झाला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर आज तुमच्यापुढे हा किस्सा नसता. पण यश पचायला पोट लागतं, आणि माझं सगळं बळ तोंडात.

ती संध्याकाळ खांदशेकणीची. म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, पळसाच्या पानाने खांदा शेकतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. वर्षभर जू ओढलेला खांदा तो. पण यंदा मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, गोठ्यात जोडीच नव्हती. गुडघे गेले, वखरामागे चालवेना, म्हणून त्यांनी चैत्रात जोडी एका चांगल्या घरी देऊन टाकली होती. तरी सासूबाईंनी सवयीने हळद-तुपाची वाटी कालवलीच. मामाजी ती वाटी घेऊन ओसरीत नुसते बसून होते. मला ते बघवेना. गोठा रिकामा म्हणून माझी गाडी त्यांनी तिथेच लावायला सांगितली होती, खाली कोबा आहे, वर पत्रा आहे, पाणी लागणार नाही म्हणून.

मामाजींचं मन रमवावं म्हणून मी काय केलं? व्याख्यान सुरू केलं. दुसरं येतं काय आपल्याला? शेजारचे चार जण चहाला आले होते, त्यांनाही धरून बसवलं. टायर म्हणजे काय, पकड म्हणजे काय, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. मामाजी शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं.

"म्हंजे जवाईबापू, टायर म्हंजे गाडीचे खुरच म्हना ना."

इथे मी हो म्हणायला पाहिजे होतं. एक अक्षर! पण मास्तर माणूस कधी पहिल्या उत्तराला हो म्हणतो का?

"खुर नाही मामाजी, खांदा," मी म्हणालो. "बैल सगळा भार कशावर घेतो? खांद्यावर. गाडी सगळा भार कशावर घेते? टायरवर. म्हणजे टायर हा गाडीचा खांदा."

"खांदाच? पक्कं?"

"लिहून घ्या."

लोकांनी माना डोलावल्या. उपमा इतकी सुंदर जमली होती की मी ती जेवताना सासूबाईंना पुन्हा ऐकवली. हात धुवायला उठलो तर मामाजी वाटी आणि पळसाची पानं घेऊन गोठ्याकडे निघाले होते. मला वाटलं, शेजाऱ्यांच्या बैलाचा खांदा शेकायला चालले असतील. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सगळं गाव मारुतीच्या देवळापुढे जमलं. दोन बल्ल्या रोवून त्यावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली सजवलेल्या जोड्या रांगेत. पाऊस भुरभुरत होता. सुनंदा नवी साडी नेसून, हातात आरतीचं ताट घेऊन गोठ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, चला, बसते. आहा! वर्षभराने!

गाडीला मामाजींनी झेंडूचा हार घातला होता. टायर पिवळेधमक दिसत होते. सुनंदाने विचारलं, हे काय? मी म्हटलं, तुझ्या बाबांनी पूजा केली असेल, हळद लावली असेल. ती म्हणाली, पण चमकून काऊन राह्यले? आता यावर मी काय म्हणालो असेन? वाकून बघितलं असेन? हात लावला असेन? छे! मी म्हणालो, रबराची क्वालिटी आहे, सव्वाशे किलोमीटर चालल्यावर खरी चकाकी येते.

गोठ्याचा कोबा उतरलो, सिमेंटच्या रस्त्याला लागलो. गाडी थोडी झुलल्यासारखी वाटली. मला वाटलं, आनंदाने. देवळापुढच्या वळणावर मी ऐटीत गाडी कलती केली, आणि पुढचं चाक माझी परवानगी न घेता निघून गेलं. मागच्याने त्याला साथ दिली.

सुनंदाला मागच्या वर्षीचा अनुभव होता. गाडी कलंडायच्या आत ती उडी मारून बाजूला उभी राहिली. ताटातला दिवासुद्धा विझला नाही. मी आणि गाडी मात्र सरकत सरकत थेट तोरणाखाली. हाताला जे आलं ते मी धरलं. ती तोरणाची बल्ली होती. बल्ली आडवी झाली, दोर तुटला आणि अख्खं तोरण माझ्या गळ्यात आलं.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, तोरण तुटलं की पोळा फुटतो, म्हणजे बैल घराकडे सोडतात. मागच्या ढोलवाल्याला मी दिसलोच नाही, नुसतं तोरण पडलेलं दिसलं. तो ओरडला, "पोळा फुटला!" आणि ढोल वाजायला लागला. झालं, पंचवीस जोड्या आपापल्या घराकडे सुटल्या. पहिल्यांदा तोरणाखालून जाण्याचा मान तिथे देवरावजींच्या जोडीचा, वडिलांच्या वडिलांपासूनचा. तो मान यंदा अमरावतीच्या एका मास्तराने, बसल्या बसल्या, बुडाने घेतला.

देवरावजी आले ते काठी घेऊनच. पण माझ्या गळ्यातलं तोरण बघून त्यांनी काठी खाली टेकवली. मी उठायला गेलो आणि टायरवर हात टेकला, तर हातही घसरला. तेव्हा देवरावजींनी वाकून टायरला बोट लावलं, नाकाशी नेलं.

"तूप हाय," ते म्हणाले. "गाईचं."

सारं गाव मामाजींकडे बघायला लागलं. मामाजी गर्दीतून हळूहळू आले. त्यांना ना घाई, ना लाज.

"खांद शेकली म्या," ते म्हणाले. "जोडी नोती दारात. गाडी होती गोठ्यात. म्हनलं आवतन देऊन टाकू."

"पण मामाजी, टायरला तूप?"

"म्या तं खुर म्हनत होतो. खुराले कोनी तूप लावते काय, जनावर घसरन ना. तुमीच म्हनले, खांदा हाय, लिहून घ्या."

तो चेहरा भोळा होता की बेरकी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चौथी नापास माणूस, त्याला घर्षण कळत होतं. अठरा वर्षं शिकवणाऱ्याला उपमा सुचत होती.

पुढचं विचारू नका. गावात पोळ्याला झडत्या म्हणतात, जागच्या जागी जुळवलेल्या चार ओळी, कोणाची तरी फिरकी घेणाऱ्या. चहा व्हायच्या आत माझी झडती तयार होती, फक्त बंडी म्हणजे बैलगाडी हे ध्यानात ठेवा. "बैल घसरे ना, बंडी घसरे ना, मास्तर जवायाचं बूड ठरे ना… हर हर महादेव!" देवरावजींनीच ती सगळ्यात मोठ्याने म्हटली. त्यात त्यांचा राग गेला, एवढंच माझं नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात बसून राख आणि साबणाने टायर घासत होतो. सासूबाई म्हणाल्या, भांडीबी घासता का, हात चांगला हाय. सुनंदा पिशवी घेऊन आली. मी न बघताच म्हणालो, की एसटी साडेदहाला आहे, सोडून देतो स्टँडवर. पायी.

"टायर चांगले हायेत," ती म्हणाली. "टायर नाई घसरले. तुमची जीभ घसरली, अन् तिच्यावरून टायर गेले. मी बसते. पन अमरावतीलोक तोंड उघडाचं नाई. उघडलं की मी उतरली."

निघालो. बार्शीटाकळी सुटलं आणि खांद्यावर हात आला. खऱ्या खांद्यावर. पाऊस होता, रस्ता ओला होता, गाडी अगदी तक्रार न करता पळत होती, आणि सांगण्यासारखं माझ्याकडे इतकं काही होतं की घसा दुखायला लागला. नाल्यांबद्दल एक शब्द बोललो नाही. अकोला गेलं, नाही बोललो.

मूर्तिजापूरच्या पंपावर पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरचा माणूस वाकून चाकांकडे बघत राहिला. टायर लय भारी दिसून राह्यले सर, म्हणाला, कोनते होय हे?

माझी छाती फुगली. मी श्वास घेतला, तोंड उघडलं. तेवढ्यात मागून सुनंदाने त्यालाच विचारलं.

"दादा, अठी येष्टी स्टँड कोनीकडं हाय?"

मी त्या माणसाकडे बघितलं.

"काळे आहेत," मी म्हणालो.