क्रोमियम, पऱ्हाट्या आणि सरांचा नियम

आमच्या बुलढाण्याच्या लॅबमध्ये काम कमी आणि किस्से जास्त होतात, असं माझ्या घरचे म्हणतात. साफ खोटं! काम होतं म्हणून तर किस्से होतात. नुसतं बसून राहणाऱ्यांकडे सांगायला असतं तरी काय?

तर आमचं काम म्हणजे कारखान्यांच्या सांडपाण्यातले जड धातू काढायचे उपाय तपासणं. माझ्याकडे निकेल, म्हणजे हिरवट पाणी. संध्याकडे क्रोमियम, म्हणजे पिवळं पाणी. आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर गाईड म्हणून सर. सरांचा एकच नियम, दारावर ठळक अक्षरांत लावलेला: 'प्रयोगशाळेच्या आवारात खाणे-पिणे सक्त मनाई.' एकदा संध्याच्या तोंडात बडीशेप सापडली, तर सरांनी विषबाधेवर असं काही लेक्चर दिलं की मी घरी जाऊनसुद्धा जेवलो नाही!

*

संध्या देऊळघाटची. कापूस वेचून झाल्यावर शेतात ज्या पऱ्हाट्या उरतात, त्यांचा कोळसा करायचा, बारीक दळायचा, पिवळ्या पाण्यात ढवळायचा आणि त्यानं क्रोमियम धरून ठेवायचं, हा तिचा पीएचडीचा विषय. पऱ्हाट्या तिचे बाबाच आणायचे, ट्रॅक्टरची ट्रॉली भरून.

"काका, एवढं जळतन? कॉलेजात सैपाक हाय काय?" वॉचमननं विचारलं.

"सैपाक काऊन? माही पोट्टी याच्यावर डॉक्टर होऊन राह्यली!" बाबा अभिमानानं म्हणाले.

हे बाबांनी गावभर सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात संध्या घरी गेली, तर शेजारची आजी गुडघा काळा करून ओट्यावर बसलेली! "तुह्याच कोयशाचा लेप लावला व माय. आता बरं वाटते!"

*

पिवळं पाणी चिखलीजवळच्या एका प्लेटिंगच्या कारखान्यातून यायचं. नळांना, गाड्यांच्या पार्टना चकाकी चढवतात, तो कारखाना. सुरुवातीला मी तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून ते एसटीनं आणलं. शेजारचे काका कॅनकडे बघत होते.

"काविळीचं औषध हाय काय? मले द्या न थोडंसं."

मी कॅन घाईघाईनं पायांमागे ओढला. असलं पाणी प्रवाशांत न्यायचंच नसतं, हे सरांनी नंतर सविस्तर ऐकवलं. तेव्हापासून पाणी जाड सीलबंद डब्यात, कारखान्याच्याच गाडीतून येतं, आणि डब्यावर कवटीचं चित्र असतं. तो डबा एकदा रिकामा, धुतलेला, मी परत द्यायला एसटीनं घेऊन निघालो. तुडुंब गर्दी. मी डबा खाली ठेवला, कवटी वर आली, आणि तीन सीटचं अख्खं बाकडं रिकामं झालं! चिखलीपर्यंत पाय पसरून गेलो.

*

एकदा नवीन सँपल आलं, पिवळेपणा अजिबात नाही. त्यात एक रसायन टाकायचं. पाणी जांभळं झालं की क्रोमियम आहे, नितळ राहिलं की नाही. संध्यानं कोळसा टाकायच्या आधी थेंब टाकला, पाणी नितळ. पुन्हा टाकला, तरी नितळ.

"कोळसा न टाकताच शुद्ध? मग तुझी गरज काय?" सर म्हणाले.

संध्यानं कारखान्याच्या मालकांना फोन लावला. "मालक, हे कुठलं पाणी पाठवलंत?"

"आरओचं, मॅडम! तुम्ही लॅबवाले, एवढे शिकेल लोक. तुमाले खराब पाणी कसं पाठवू?"

*

आता खरी गोष्ट. मागच्या हिवाळ्यात संध्याच्या एका कोळशानं कमाल केली. खऱ्याखुऱ्या पिवळ्या पाण्यात टाकला, ढवळला, गाळला, वर थेंब टाकला. पाणी नितळ! आम्ही लॅबमध्ये नाचलो. सरसुद्धा हसले, आणि हे मी दोनदा चष्मा पुसून पाहिलं.

पण तसा कोळसा पुन्हा काही होईना. त्याच पऱ्हाट्या, तोच मागच्या अंगणातला कोळसा करायचा ड्रम, तोच पत्रा वर टाकलेला. दरवेळी पाणी जांभळं. जे पुन्हा करून दाखवता येत नाही, त्यावर पीएचडी मिळत नाही. संध्याचा चेहरा उतरत गेला. एके दिवशी ती म्हणाली, "विषय बदलावा लागते आता. बाबाले काय सांगू मी?" आणि बेसिनपाशी तोंड फिरवून रडली. मला फार वाईट वाटलं. सर दारात उभे होते. तिथूनच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले ते कापडी पिशवी घेऊन. पिशवी त्यांनी वजनकाट्याशेजारी ठेवली. आत मोठी मोठी वांगी!

"संध्या, प्रोसिजरमध्ये एक स्टेप राहिली आहे," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

आम्हाला काही कळेना.

"तो कोळसा केला त्या दिवशी तू लग्नाला गेली होतीस. ड्रमाकडे बघायला मी थांबलो होतो. निखारे फार छान पडले होते गं."

"सर, तुम्ही?"

"वास सुटला असता. म्हणून पत्रा काढून घमेलं पालथं घातलं आणि कडेनं ओली माती लिंपली. हवा जरासुद्धा आत जात नव्हती."

संध्यातली संशोधक जागी झाली. तिनं वही उघडली. "किती वेळ, सर?"

"वांगं मऊ होईपर्यंत."

आम्ही तसंच केलं. घमेलं, ओली माती, वांगी, सगळं. संध्यानं थेंब टाकला. पाणी नितळ राहिलं. मग पुन्हा केलं, पुन्हा नितळ. भरीत आम्ही गेटबाहेर उभं राहून खाल्लं, कारण आवारात मनाई आहे!

*

परवा संध्याची पीएचडीची व्हायवा झाली. हॉल भरलेला. बाबा नवं धोतर नेसून मागच्या रांगेत. परीक्षक पुण्याचे, कडक. सगळं बारकाईनं विचारलं, मान डोलावली आणि शेवटी चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, एकच शंका. घमेलं काढायची नेमकी वेळ तुम्ही कशी ठरवलीत?"

संध्यानं सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते. मी डोळे मिटून घेतले.

"वांगं मऊ होईपर्यंत, सर," संध्या म्हणाली.

परीक्षकांनी पेन उचललं. "कोणतं वांगं?"

पहिल्या रांगेतून आमचे सर उठून उभे राहिले.

"भरताचं," ते म्हणाले. "देठासकट."