डाव्या कानातलं "नाय"

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही नाही. हसायचं तर खुशाल हसा, पण आधी पूर्ण वाचा.

मी रिटायर्ड फौजी. कमांडो तुकडीत माझ्याकडे जुनं ग्रेनेड लाँचर होतं — मधोमध दुमडून उघडायचं, एकच गोळा भरायचा, मिटवून उडवायचं. एकापाठोपाठ सहा गोळे मारणारी नवी हत्यारं आली, तरी आम्ही हे म्हातारं सोडलं नाही. त्यानं कधी दगा दिला नाही ना! काम झालं की मी ते उघडून विचारायचो, "रिकामं?" डावीकडे उभा असलेला जोडीदार गायकवाड नळीत बोट घालून सांगायचा, "व्हय, रिकामं." त्याच्या उत्तराशिवाय मिटवायचं नाही, हा आमचा कायदा. त्याच हत्याराच्या आवाजानं माझा डावा कान कायमचा गेला. गायकवाड गेल्या वर्षी फर्दापूरला, आजारपणात वारला.

आता मी पुंडलिकनगरला राहतो आणि वाळूजच्या एका कंपनीत पत्रा दाबून कापणारा पॉवर प्रेस चालवतो. जुनी सवय काही जाईना... "रिकामं?" असं विचारायचं, आपणच "व्हय" म्हणायचं, मग प्रेस खाली आणणारी दोन्ही बटणं दाबायची. सुपरवायझर टोमणा मारायचा, "काय फौजी, मशीन बोलतंय व्हय तुमच्याशी?"

मागच्या महिन्यातली गोष्ट. फर्स्ट शिफ्ट, चहाची सुट्टी नुकतीच संपलेली. कानांत इअरप्लग घालून मी प्रेसपाशी आलो. समोरून सगळं मोकळं दिसत होतं. "रिकामं?" म्हणालो... आणि माझं "व्हय" तोंडातून निघायच्या आत आवाज आला —

"नाय."

गायकवाडचा. तोही डाव्या, मेलेल्या कानात!

मी बटणांवरचे हात मागे घेतले. कोण चेष्टा करतंय बघू, म्हणून रागारागानं प्रेसच्या मागे गेलो. तिथं आमचा फिटर सलीमभाई गुडघ्यांवर बसलेला, अडकलेला पत्रा काढायला दोन्ही हात कोपरापर्यंत प्रेसमध्ये घातलेले, साच्याच्या आड, समोरून न दिसणारे. मेन स्विच बंद करून कुलूप लावायचं तो विसरला होता.

"सलीमभाई, हात काढ!" मी ओरडलो.

हात बाहेर काढून तो माझ्याकडे बघतच राहिला. "मेरेकू लगा तुम अबी चाय पे हैं, फौजी..." एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. खोटं कशाला सांगू, मलाही रडू आलं.

कान पुन्हा तपासून घेतला. डॉक्टर म्हणाले, या कानाला काहीच ऐकू येत नाही. सुपरवायझर म्हणाला, "मनाचे खेळ. आता ती हाक बंद करा, लोक घाबरतात." मनाचे खेळ तर मनाचे खेळ, पण माझ्या मनाला प्रेसच्या मागचं दिसलं कसं? त्याला तोंडावर सांगितलं, "हवं तर नोकरी काढून घ्या, हाक बंद होणार नाही."

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर द्या, ऐकून घेईन. हल्ली मी "रिकामं?" विचारलं की सलीमभाई मागे जाऊन बघतो आणि दोन्ही हात वर करून ओरडतो, "व्हय, रिकामं!"

तरी बटणं दाबण्याआधी मी क्षणभर थांबतो. डावीकडचं ऐकून घेतो.