मोहिउद्दीन मिस्त्री जीपमध्ये बसले

पांढरकवड्याला हैदराबादच्या सडकेवर मोहिउद्दीन मिस्त्रींचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कडुनिंब, चार पत्रे आणि मिस्त्रींचे दोन पाय. उरलेले मिस्त्री कायम कुठल्यातरी गाडीखाली असत. निम्मं गाव त्यांना टाचांवरून ओळखायचं. गाडीत मात्र ते कधी बसत नसत. त्यांना गाडी लागायची. बैलगाडी चाले, सायकल चाले. पण इंजिनावर चालणारं काहीही कोसभर गेलं की जेवण वर येई. म्हणून दुरुस्त झालेली गाडी ते समोरच्या सरळ सडकेवर दुसऱ्याला पळवायला लावत आणि कमरेवर हात ठेवून चाकांकडे बघत. एवढ्यावर त्यांनी वीस वर्षं नाव राखलं होतं.

एकोणीसशे त्रेसष्टच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे फिरत्या दवाखान्याची जीप आली. जंगलातल्या पोडांवर, आदिवासींच्या वस्त्यांवर, जाताना नाल्यातले दगड तिच्या पोटाला घासत. मिस्त्रींनी चाकांवरच्या चारही कमानींत, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांत, जुन्या ट्रकचा एकेक पाटा वाढवून जीप चार बोटं उंच केली. मग पुढच्या चाकांवर खडूच्या रेघा मारून बांबूच्या काठीनं दोन्हींमधलं अंतर मोजलं : पुढून जरासं कमी, मागून जरासं जास्त. अगदी रीतसर. सडकेवर पळवून बघितली, सरळ गेली.

आठ दिवसांनी जीपचा ड्रायव्हर धर्मपाल पडलेल्या तोंडानं दुकानात आला. पोराची नोकरी अजून कच्चीच होती.

"चाचा, जीप वळते, पण वळून सरळच होत नाही. काल विमलताई नर्स औषधाच्या पेटीसगट तुरीच्या वावरात गेल्या."

"ताईले लागलं काय?"

"नाही. बोलल्या मात्र लय. डॉक्टरसाहेबानं कागद देल्ला. सोमवारपर्यंत खुलासा, नाहीतर घरी बस."

"माही काठी खोटं बोलत नाही."

"मंग मी बोलून राह्यलो काय? एकडाव बसून तर पाहा."

"मी कायले बसू?" मिस्त्री गुरगुरले. "मी बनवणारा माणूस हाय."

पत्र्याआडून त्यांच्या घरवालीचा, हुस्नाबीचा, आवाज आला. "बैठो ना जी. बच्चे की रोटी जा रही है. तुम्हारा तो खाली नाश्ता जायेगा."

मिस्त्री बसले. जंगलातल्या दुसऱ्या वळणावर नाश्ता गेलाच. पण मान खाली असल्यामुळेच की काय, त्यांना एक गोष्ट दिसली : वळण संपल्यावर धर्मपाल स्टेअरिंग दोन्ही हातांनी ओढून सरळ करत होता. सरळ सडकेवर हे दिसलंच नसतं.

ते उतरून दगडावर बसले. समोरून एक सायकलवाला वळून आला आणि हात सोडून बिडी पेटवत निघून गेला. सायकल आपली आपण सरळ झाली. मिस्त्री तिच्या पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याकडे बघतच राहिले. चिमट्याची वरची बाजू मागं कललेली असते, म्हणून चाक आपल्या जागेवर येतं. नव्या पाट्यांनी जीपचा एक्सल फिरला होता आणि ज्या खिळ्यावर चाक वळतं त्याचा हा कलच गेला होता. काठीनं ते कसं कळणार? काठी अंतर मोजते, कल नाही.

"गलती माही हाय रे," मिस्त्री म्हणाले.

परतल्यावर त्यांनी लोखंडाच्या दोन पाचरी कानशीनं घासून कमानी आणि एक्सलमध्ये बसवल्या. सोमवारी दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "लिहून द्या."

मिस्त्रींना लिहिता येई ते फक्त उर्दू. त्यांनी अर्धं पान लिहिलं. डॉक्टरांनी कागद उलटासुलटा पाहिला.

"यात काय लिहिलंय?"

"तोंडानं बोललो तेच, साहेब. अक्षर तेवढं चांगलं हाय."

डॉक्टर स्वतः जीप घेऊन गेले. वळणावर त्यांनी हात सोडले. स्टेअरिंग हळूच फिरून जागेवर आलं. तेव्हा मिस्त्री फाटकाशी उभे होते आणि धर्मपाल त्यांच्याहून चार पावलं लांब, नखं खात. परत आल्यावर डॉक्टरांनी उर्दू कागदाखाली लिहिलं, 'खुलासा मान्य', आणि धर्मपालला म्हणाले, "उद्या सातला निघायचंय. ताईंना आणायला वेळेवर जा."

तो कागद धर्मपालच्या नोकरीच्या फायलीत राहिला. नवा साहेब आला की विचारी, हे काय लावलंय? हेडक्लार्क पंजाबराव शांतपणे सांगत, "मिस्त्रीची कबुली हाय, साहेब. काढू नका. याच्यावरच तर पोरगा पक्का झाला."