पत्र्याखालचा रंग

मिस्त्रींनी तीस वर्षं गॅरेजमध्ये खऱ्या गाड्यांचे पोचे काढले. शेवटी कंबरेनंच संप पुकारला, तेव्हा ते घरी बसले. म्हणजे बसणार होते. आठवड्याभरात त्यांनी बायकोच्या शिलाई मशीनचं टेबल बळकावलं आणि तळहातावर मावतील अशा जुन्या, धातूच्या खेळण्यातल्या गाड्या दुरुस्तीला घेतल्या. "यांच्याखाली झोपावं लागत नाही," असं त्यांचं म्हणणं. बायको म्हणायची, "आधी थिनरचा वास फक्त तुम्हाला यायचा, आता उशीलाही येतो."

गाडी बोटभर असली तरी मिस्त्रींचा थाट गॅरेजचाच. गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न, "कुठं ठोकली?" पन्नाशीचा गृहस्थ लाजत सांगायचा, "जिन्यावरून सोडली होती." मग मिस्त्री भिंग लावून खालचे रिव्हेट ड्रिलनं उडवायचे, तळाचा पत्रा सुटा करायचे आणि त्याच्याखाली झाकलेली कड बघायचे. तिथवर पोरांचे हात पोचत नाहीत, त्यामुळं कारखान्यातला मूळ रंग तेवढा शाबूत राहतो. जो दिसेल तोच गाडीला द्यायचा, हा नेम. एकजण "निळी करा हो" म्हणून काकुळतीला आला, तर मिस्त्री म्हणाले, "ही पिवळी जन्मलीय. निळी हवी तर निळी आणा."

त्यांची स्वतःची गाडी मात्र पन्नास वर्षं कपाटात पडून होती. लहानपणी दोघा भावांना सारख्याच दोन गाड्या मिळाल्या होत्या. दादाला लाल, यांना हिरवी. पैकी एक हरवली आणि उरलेली खेळून खेळून इतकी झिजली की अंगावर रंगाचा टिपूस राहिला नाही. मिस्त्री म्हणत, ही माझी. दादा म्हणे, माझी. यावरून दोघांचं एकदा आजारी नातलगाला बघायला गेले असता दवाखान्यात इतकं वाजलं होतं, की पेशंट सोडून नर्स यांच्याकडे धावली.

परवा दादानं फोनवर आव्हानच दिलं. "एवढा कारागीर ना तू? मग उघड की पत्रा! रविवारी येतो. लाल निघाली तर घेऊन जाणार."

"आणि हिरवी निघाली तर तोंड उघडायचं नाही," मिस्त्री म्हणाले आणि त्याच दुपारी ड्रिल लावलं.

लाल.

त्यांनी कड पुसून पाहिली, खिडकीशी नेऊन पाहिली, मग बायकोला हाक मारली. "गंज असेल का गं?"

"या गाड्या जस्ताच्या, जस्ताला गंज चढत नाही म्हणून तुम्हीच डोकं खाता की माझं." मग तिलाच दया आली. "अहो, द्या हिरवा मारून. कोण बघतंय?"

मिस्त्रींनी हिरव्या रंगाची डबी उघडली. अर्धा तास नुसती ढवळली. मग झाकण घट्ट बसवलं. "नाही होत गं हातून." पोच्यांत लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर दिला आणि दातओठ खात लाल रंगाचे तीन हात मारले.

रविवारी दादा आणि वहिनी हजर. दादाच्या पिशवीत गाडी ठेवायला कापसाची गादीसुद्धा तयार. म्हणजे निकाल घरूनच लावून आलेला! गाडी बघताच स्वारी हरखली. "म्हणत नव्हतो?"

"पण दादा, तुला एवढी खात्री कशी रे?"

दादा आनंदात होता, तिथंच घात झाला. "नसायला काय? तुझी हिरवी तर मीच शेजारच्या पोराला देऊन टाकलेली! चार गोट्या घेतल्या बदल्यात."

वहिनींनी कपाळाला हात लावला.

"माझी गाडी? चार गोट्यांना?"

"मोठ्या होत्या रे," दादा पुटपुटला.

मिस्त्रींनी त्याच्या हातातून गाडी अलगद काढून घेतली. "रंग ओला आहे अजून."

"खणखणीत वाळलाय की!"

"आतला थर कच्चा आहे."

वहिनींनी विचारलं, "मग भावजी, वाळायला किती दिवस?"

मिस्त्रींनी गाडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. "ते याच्यावर आहे, वहिनी. गोट्या घेऊन आला की लगेच वाळेल."