दामूबाबांना घरी जायचं होतं

मी कामतघर वस्तीतल्या चाळीपाशी पोचले तेव्हा दामूबाबा बनियन-लुंगीवर रिक्षात बसले होते आणि उतरायला तयार नव्हते.

मी घरोघरी जाऊन आजारी माणसांची सेवा करणारी नर्स. बाबांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. पूर्वी ते जॉबर होते, पॉवरलूम म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करायचे, कामगार ठेवायचे-काढायचे.

"सकाळपासून 'घरी चला' लावलंय," मुलगा सुरेश म्हणाला. "म्हणून रिक्षा केली. चाळीला वळसा घालून परत आणलं. म्हटलं, बाबा, घर आलं. तर म्हणतात, हे न्हाय."

रिक्षावाला म्हणाला, "सिस्टर, बाबा ने तो मुझे भी नौकरी से निकाल दिया."

कसंबसं आत आणलं. खाटेवर टेकताच बाबांनी बनियन काढून फेकली, चादरीचे धागे उपटायला घेतले आणि मला दरडावलं, "शिफ्ट सुरू हाय न् तू आता येतेस?"

"चुकलं, बाबा."

"लूम बंद कर! धागा तुटला!"

शेजारच्या काकूंनी मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. दृष्ट कोणाची निघाली कळलं नाही, खोकला मात्र सगळ्यांना लागला.

"हात बांधू या का?" सुरेशनं विचारलं.

"अजिबात नाही." बांधलेला माणूस जास्त झगडतो. आधी कारण शोधायचं. ताप नव्हता, पण ओटीपोट टणक लागलं. लघवी तुंबलेली. डॉक्टरांना फोन करून कॅथेटर, म्हणजे नळी, घातली. बाबा थोडे निवले. थोडेच. हात हवेत काहीतरी पकडतच होते.

सून वैशाली म्हणाली, "खाणं सुटलंय. हल्ली दिवसभर झोपूनच असायचे."

पावलं गार होती, गुडघ्यांवर निळसर डाग. जाण्याआधी काहींची अशी तगमग होते.

"सुरेश, बाबांचे थोडेच दिवस राहिलेत."

"पण केवढा जोर आहे! आत्ता मला लाथ मारली."

"तोच जोर फसवतो."

डॉक्टर येऊन तपासून गेले. तगमग कमी करणारं औषध सुरू झालं. मी टीव्ही बंद केला, काकूंना घरी पाठवलं. वैशाली हात धरून बसली. बाबांनी डोळे किलकिले करून तिला सांगितलं, "तू कामाला चांगली हाय. सुरेशला काढून टाक."

सुरेश हसला आणि हसता हसता रडायला लागला.

दोन दिवसांनी दुपारी बाबा झोपेतच गेले. सुरेश उशाशी होता.

अशी तगमग दिसली की आधी पेशंट तपासायचा, मग खोलीतली गर्दी हटवायची. दुसरं काम जास्त कठीण. त्यावर अजून इंजेक्शन निघालेलं नाही.